झाडाचे औषध, लोखंडाचे वाहन

पॅक्लिटॅक्सेल पाण्यात विरघळत नाही. स्तनाच्या, अंडाशयाच्या, फुप्फुसाच्या कर्करोगावर जगभर रोज दिले जाणारे हे औषध. पण रक्त म्हणजे बहुतांशी पाणी, आणि पाण्याशी याचे जमत नाही. म्हणून एरंडेल तेलावर रासायनिक प्रक्रिया करून बनवलेल्या क्रेमोफोर नावाच्या द्रवात आणि अल्कोहोलमध्ये ते विरघळवतात आणि मग सलाईनमधून सोडतात. औषध चढत असताना अंगावर पुरळ उठणे, दम लागणे, रक्तदाब एकदम उतरणे हे जे धोके असतात, त्यांतला मोठा वाटा या क्रेमोफोरचा असतो. औषध सुरू करण्याआधी स्टेरॉइड आणि ॲलर्जी रोखणारी इंजेक्शने देतात ती त्यासाठीच. रुग्णाला आणि नातेवाइकांना हा सगळा केमोचा त्रास वाटतो. त्यातला काही त्रास औषधाचा नसून औषध वाहून नेणाऱ्या द्रवाचा असतो.

झाडपाल्यातून कर्करोगावर औषध सापडले अशी बातमी आली की आपले सगळे लक्ष त्या सापडण्याकडे जाते. सदाफुलीची गोष्ट पुष्कळांनी ऐकलेली असते. १९५०च्या दशकात कॅनडात रॉबर्ट नोबल आणि चार्ल्स बीअर मधुमेहावर उपयोग होतो का हे पाहण्यासाठी तिची पाने तपासत होते. प्राण्यांच्या रक्तातली साखर काही उतरली नाही, पांढऱ्या पेशी मात्र झपाट्याने घटल्या. त्या एका निरीक्षणातून व्हिनब्लास्टिन आले, पाठोपाठ व्हिनक्रिस्टिन आले, आणि रक्ताचा कर्करोग झालेली मुले जगू लागली. पण रेणू सापडला म्हणजे अर्धेच काम झाले. तो गाठीतल्या पेशीपर्यंत पुरेशा प्रमाणात पोचला पाहिजे आणि वाटेतल्या निरोगी अवयवांना त्याने फार जाळता कामा नये. माझ्या मते हे उरलेले अर्धे काम अधिक अवघड आहे. लोखंडाच्या अतिसूक्ष्म चुंबकीय कणांवर वनस्पतिजन्य औषधे चढवण्याचे संशोधन गेली काही दशके चालू आहे, ते याच कामासाठी.

पॅक्लिटॅक्सेलच्या शोधात एक नाव आपल्या नंदुरबारचे आहे. मनसुख वाणी १९२५ साली नंदुरबारला जन्मले, मुंबई विद्यापीठात रसायनशास्त्र शिकले, इंडियाना विद्यापीठात पीएच.डी. झाले आणि १९६२ मध्ये नॉर्थ कॅरोलिनातल्या रिसर्च ट्रँगल इन्स्टिट्यूटमध्ये मन्रो वॉल यांच्याकडे रुजू झाले. त्याच वर्षी अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याकडच्या जंगलात पॅसिफिक यू या अत्यंत संथ वाढणाऱ्या झाडाची साल तपासणीसाठी गोळा झाली होती. वॉल आणि वाणी यांनी त्या सालीतला क्रियाशील रेणू वेगळा काढून १९७१ मध्ये त्याची रचना प्रसिद्ध केली. तो पेशीत नेमके काय करतो हे सुसान हॉर्विट्झ यांनी १९७९ मध्ये दाखवले. पेशी दुभंगताना सूक्ष्म नलिकांची एक चौकट उभी राहते आणि काम झाले की मोडते. हा रेणू ती चौकट मोडूच देत नाही, आणि अर्धवट दुभंगलेली पेशी तशीच अडकून मरते. इतके सगळे कळूनही अमेरिकेत औषधाला मान्यता मिळायला डिसेंबर १९९२ उजाडले. मधली बरीच वर्षे सालीचा तुटवडा आणि न विरघळणारा रेणू या दोन अडचणींशी झगडण्यात गेली.

याच जोडगोळीने त्याआधी, १९६६ मध्ये, एका चिनी झाडातून कॅम्प्टोथेसिन वेगळे केले होते. त्याची कहाणी मला अधिक अस्वस्थ करते. कॅम्प्टोथेसिनही पाण्यात विरघळत नाही. म्हणून त्याचा सोडियम क्षार बनवला आणि १९७०च्या आसपास तो रुग्णांना देऊन पाहिला. क्षार उत्तम विरघळला. पण तो बनवताना रेणूतले एक कडे उघडते, आणि औषधाचा जोर त्या मिटलेल्या कड्यातच असतो. त्यामुळे रुग्णाच्या रक्तात फिरत होते ते बरेचसे दुबळे औषध. तेच लघवीवाटे मूत्राशयात उतरले की तिथल्या आम्लतेत कडे पुन्हा मिटायचे आणि पुऱ्या ताकदीचे औषध मूत्राशयाचे अस्तर जाळायचे. लघवीतून रक्त जाऊ लागले, पांढऱ्या पेशी कोसळल्या आणि चाचण्या बंद झाल्या. रेणूत दम होताच. म्हणून तर त्याचीच सुधारित रूपे असलेली टोपोटेकान आणि इरिनोटेकान ही औषधे १९९६ मध्ये अमेरिकेत मान्य झाली आणि आज आपल्याकडच्या रुग्णालयांतही वापरात आहेत. मधली पंचवीस वर्षे बरीचशी रेणू नीट पोचवता न आल्यामुळे गेली.

कॅम्प्टोथेसिनचे आपल्याकडचे झाड म्हणजे सह्याद्रीतला नरक्या. त्यात हा रेणू भरपूर असल्याचे १९७२ मध्ये गोविंदाचारी आणि विश्वनाथन यांनी मुंबईत गोरेगावच्या सिबा संशोधन केंद्रातून प्रसिद्ध केले. त्याची किंमत जंगलाने मोजली. नरक्याची चोरटी तोड सुरू झाली, आणि पकडलेल्या मालाच्या बातम्या सह्याद्रीच्या दक्षिणेकडच्या तालुक्यांतून अजून येतात. एका रुग्णामागे लागणारे औषध कमी झाले तर त्याचा फायदा या झाडालाही आहे, हे वाहकांवर बोलताना सहसा कुणी सांगत नाही.

चांगल्या वाहकाकडून काय हवे, हे या दोन औषधांवरून उघड होते. न विरघळणारा रेणू त्याने पोटात धरला पाहिजे. रक्तात असेपर्यंत रेणूची मोडतोड होऊ देता कामा नये. यकृत आणि प्लीहा यांतल्या भक्षक पेशी रक्तातला प्रत्येक परका कण टिपत असतात, त्यांच्यापासून काही काळ तरी सुटले पाहिजे. गाठीत शिरले पाहिजे आणि तिथे, तिथेच, औषध सोडले पाहिजे. शंभर नॅनोमीटरच्या आसपासचा कण या कामाला योग्य, असा विचार १९८६ नंतर रुळला. त्या वर्षी जपानमध्ये मात्सुमुरा आणि माएदा यांनी दाखवले होते की गाठीतल्या घाईघाईने वाढलेल्या रक्तवाहिन्यांच्या भिंतींत फटी असतात आणि मोठे रेणू तिथून झिरपून आत साचतात. या विचारातून खरी औषधे आली. पॅक्लिटॅक्सेलला रक्तातल्याच अल्ब्युमिन या प्रथिनात बांधून सुमारे १३० नॅनोमीटरचे कण बनवले. २००५ मध्ये त्यांना स्तनाच्या कर्करोगासाठी मान्यता मिळाली आणि या रूपात क्रेमोफोरची गरज उरली नाही. मेदाच्या सूक्ष्म कुपीत भरलेले इरिनोटेकान २०१५ मध्ये स्वादुपिंडाच्या कर्करोगासाठी मान्य झाले. या दोन्हींत चुंबक नाही. चुंबकीय कणांचा विचार करताना ही पायरी डोळ्यांसमोर हवी, कारण नव्या वाहकाची तुलना नुसत्या औषधाशी करून भागत नाही; ती या आधीच चालू असलेल्या वाहकांशी झाली पाहिजे.

आता लोखंड. शाळकरी मुले मातीत चुंबक फिरवतात तेव्हा त्याला काळा कीस चिकटतो. दख्खनच्या काळ्या पाषाणाची झीज होऊन मोकळे झालेले ते मॅग्नेटाइटसारख्या लोहखनिजाचे कण असतात. औषधासाठी वापरला जाणारा कणही मॅग्नेटाइटचाच, फक्त दहा-पंधरा नॅनोमीटरचा. तांबडी रक्तपेशी सात-आठ हजार नॅनोमीटर रुंद असते, म्हणजे असे पाचशेहून अधिक कण एका पेशीच्या रुंदीत ओळीने बसतील. इतक्या लहानपणी मॅग्नेटाइटचा स्वभाव बदलतो. मोठ्या तुकड्यात चुंबकत्वाचे अनेक प्रदेश असतात आणि एकदा चुंबक झाला की तो बराच काळ चुंबक राहतो. दहा नॅनोमीटरचा कण मात्र एकसंध असतो, आणि शरीराची साधी ऊबसुद्धा त्याच्या चुंबकत्वाची दिशा सतत उलटीपालटी करत राहते. परिणाम असा की बाहेर चुंबक नसेल तेव्हा सरासरी चुंबकत्व शून्य, आणि चुंबक जवळ आणला की क्षणात सगळे कण एका दिशेला वळतात. चुंबक काढला की पुन्हा शून्य. फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञ लुई नील यांनी १९४९ मध्ये याचे गणित मांडले होते. औषधाच्या दृष्टीने हा गुण म्हणजे वरदान आहे. कण कायमचे चुंबक असते तर रक्तात एकमेकांना चिकटून त्यांच्या गुठळ्या झाल्या असत्या आणि बारीक रक्तवाहिन्या तुंबल्या असत्या.

हे कण बनवणे तुलनेने सोपे आहे. लोहाचे दोन प्रकारचे क्षार दोनास एक प्रमाणात पाण्यात घेतात, हवेतला प्राणवायू दूर ठेवतात आणि अमोनिया ओततात. पाणी बघता बघता काळे होते. फ्रान्समध्ये मासार यांनी १९८१ मध्ये ही पद्धत नीट बसवली, आणि आज महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेतही ती करता येते. सगळे एकाच आकाराचे कण मिळवणे हे मात्र कसबाचे काम. त्याहून कसबाचे काम आवरणाचे. उघडा कण रक्तात टिकत नाही, म्हणून त्याला डेक्स्ट्रान, कायटोसान, पॉलिइथिलीन ग्लायकॉल अशा पदार्थांचे कवच देतात. औषध त्या कवचात राहते. नेब्रास्का विद्यापीठात विनोद लाभसेटवार यांच्या गटाने साधी पण फार उपयोगी पडलेली रचना केली. कणाभोवती ओलिइक आम्लाचा तेलकट थर आणि त्यावर पाण्याशी जमवून घेणारे बाहेरचे कवच. पाण्याला नाकारणारे पॅक्लिटॅक्सेल त्या तेलकट थरात आपण होऊन शिरते. जो दोष क्रेमोफोरपर्यंत घेऊन गेला, तोच इथे उपयोगी पडतो.

औषध सुटायचे कधी, यासाठी गाठीच्याच रसायनाचा आधार घेतात. रक्ताचा सामू ७.४ असतो, गाठीभोवती तो साडेसहा-पावणेसातच्या आसपास उतरतो, आणि पेशीने कण गिळल्यावर तो ज्या पिशवीत जाऊन पडतो तिथे आणखी, पाच-साडेपाचपर्यंत. या आम्लतेत तुटणारा दुवा वापरून औषध कणाला बांधले तर ते रक्तात बांधलेले राहते आणि पेशीत मोकळे होते. रिकामा झालेला कण पुढे हळूहळू विरघळतो आणि त्यातले लोह शरीराच्या साठ्यात मिसळते. प्रौढ माणसाच्या शरीरात तीन-चार ग्रॅम लोह असतेच, त्यामुळे थोड्या मिलिग्रॅमांची भर त्याला जड जात नाही. लोहकण शिरेतून देणे ही नवी कल्पनाही नाही. फेरुमॉक्सिटॉल नावाचे लोह-ऑक्साइडचे कण मूत्रपिंडाच्या रुग्णांतल्या पंडुरोगासाठी अमेरिकेत २००९ पासून देतात. त्यांच्यावर २०१५ मध्ये तीव्र ॲलर्जीबद्दल कडक इशारा छापावा लागला, हेही सांगायला हवे. लोह ओळखीचे असले तरी कण म्हणून शरीर त्याच्याशी वेगळे वागते.

बाहेरून चुंबक धरायचा आणि औषध गाठीकडे ओढून घ्यायचे, ही कल्पना ऐकताच मनात बसते. १९७०च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत विडर आणि सेन्यी यांनी अल्ब्युमिनच्या गोळ्यांत मॅग्नेटाइट आणि औषध एकत्र भरून ती प्राण्यांवर करून दाखवली. माणसांवरची पहिली चाचणी १९९६ मध्ये बर्लिनमधून प्रसिद्ध झाली. त्वचेजवळच्या गाठी असलेले १४ रुग्ण, लोहकणांना बांधलेले एपिरुबिसिन आणि गाठीवर टेकवलेला चुंबक. रुग्णांना ते सोसले, पण जवळपास निम्म्यांतच कण गाठीत थांबले. बाकीच्यांत ते यकृताकडे गेले.

त्याचे कारण भौतिकशास्त्रात आहे. चुंबकाची ओढ कणाच्या आकारमानावर अवलंबून असते, आणि दहा नॅनोमीटरच्या कणाचे आकारमान नगण्य. समोर वाहते रक्त: मोठ्या धमनीत त्याचा वेग सेकंदाला कित्येक सेंटिमीटर असतो, केशवाहिनीत तो एक मिलिमीटरच्याही खाली येतो. म्हणजे पकड बसायची तर केशवाहिनीतच. त्यात चुंबकाचा जोर अंतराबरोबर वेगाने ओसरतो. आठ-दहा सेंटिमीटर खोल असलेल्या स्वादुपिंडापर्यंत पोचेतो फारसे काही उरत नाही. आणि याहून हट्टी अडचण अशी की बाहेर ठेवलेल्या स्थिर चुंबकाने शरीराच्या आत, मधोमध, सर्वांत जास्त जोराचा बिंदू निर्माणच करता येत नाही. जोर नेहमी चुंबकाच्या बाजूला, म्हणजे त्वचेकडे अधिक. खोल गाठीत कण गोळा करण्याऐवजी चुंबक त्यांना वरवर ओढत राहतो. रचना कितीही कल्पक केली तरी हा नियम वाकत नाही. पान भरून बाण काढलेल्या आकृत्यांत हे दिसत नाही, म्हणून मुद्दाम सांगतो.

फटींतून झिरपण्याच्या विचारालाही पुढे धक्का बसला. टोरंटोच्या वॉरन चॅन यांच्या गटाने २०१६ मध्ये दहा वर्षांतले प्राण्यांवरचे प्रयोग एकत्र मांडून हिशेब केला: टोचलेल्या नॅनोकणांपैकी गाठीत पोचणाऱ्या वाट्याचा मध्यांक फक्त ०.७ टक्के निघाला. हजारातले सात कण. बाकीचे बहुतेक यकृत आणि प्लीहेत जातात. या आकड्याने क्षेत्रातले अनेक जण दुखावले, पण मला तो फार मोलाचा वाटतो, कारण त्यानंतर ‘गाठीत शिरतात’ एवढ्यावर न थांबता ‘किती शिरतात’ हे विचारले जाऊ लागले.

चुंबकाचा दुसरा उपयोग ओढण्याचा नाही, तापवण्याचा आहे, आणि माझ्या मते खरी ताकद तिथे आहे. सेकंदाला लाखभर वेळा दिशा बदलणारे चुंबकीय क्षेत्र लावले की कणांचे चुंबकत्व त्याच्यामागे धावते, थोडे मागे पडते आणि त्या मागे पडण्यातून उष्णता निघते. शिकागोतल्या गिलख्रिस्ट आणि सहकाऱ्यांनी १९५७ मध्येच प्राण्यांच्या लसिका ग्रंथींत लोह-ऑक्साइडचे कण साठवून त्या अशा तऱ्हेने तापवून दाखवल्या होत्या. पेशीला ४२-४३ अंश सेल्सिअसला तणाव येतो: प्रथिने विस्कटू लागतात, किरणोपचाराने झालेली इजा पेशीला दुरुस्त करता येत नाही, काही औषधांचा जोर वाढतो. ४६च्या वर पेशी सरळ मरू लागतात. त्यालाही मर्यादा आहे. बदलत्या क्षेत्रामुळे शरीराच्या पाणीदार ऊतींतही वीज खेळते आणि निरोगी भाग तापतो, त्यामुळे क्षेत्र हवे तेवढे वाढवता येत नाही. शिवाय वाहते रक्त उष्णता घेऊन जाते.

बर्लिनमध्ये आंद्रेआस योर्डान यांनी अनेक वर्षे खपून ही पद्धत माणसांपर्यंत आणली. मेंदूतल्या ग्लायोब्लास्टोमा या अतिशय घातक गाठीत सुईने थेट लोहकण टोचायचे, मग डोके बदलत्या क्षेत्रात ठेवून गाठ तापवायची आणि जोडीला किरणोपचार द्यायचे. २०१० मध्ये युरोपात तिला परवानगी मिळाली. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत गाठ पुन्हा उद्भवलेले ५९ रुग्ण होते. गाठ परतल्यानंतरच्या आयुष्याचा मध्यांक १३.४ महिने आला, जो त्या आजाराच्या तुलनेत चांगला होता. पण त्या चाचणीत तुलनेसाठी दुसरा गट नव्हता. दातांत धातूचे भरण असेल तर ते आधी काढावे लागे, आणि गाठीत लोह राहिल्यामुळे पुढे त्या जागेचा एमआरआय वाचता येत नसे. हे उपचार देणारी कंपनी २०२२ मध्ये आर्थिकदृष्ट्या कोलमडली. तरी एक धडा पक्का राहिला: कण रक्तात न सोडता गाठीतच टोचले, तर यकृताचा अडसर उरतच नाही.

उष्णता आणि वनस्पतिजन्य औषध एकाच कणावर आणणे ही यापुढची पायरी आहे, आणि ती अजून बहुतांशी प्रयोगशाळेत आणि उंदरांवर आहे. कवच असे निवडायचे की शरीराच्या तापमानाला ते घट्ट राहील आणि दोन-चार अंश चढले की सैल पडेल. मग बाहेरचे क्षेत्र सुरू केल्यावरच औषध सुटेल. गाठ तापेल आणि त्याच वेळी औषधही मिळेल. कॅम्प्टोथेसिनसारख्या रेणूला, ज्याचे कडे रक्तात उघडून जाते, अशा बंद कवचाची किती गरज आहे हे वर आलेच आहे. आपल्याकडे मुंबईत भाभा अणुसंशोधन केंद्र आणि आयआयटी, तसेच कोल्हापुरात डी. वाय. पाटील विद्यापीठ इथे चुंबकीय कणांच्या बनावटीवर आणि त्यांच्या तापण्यावर गंभीर काम झाले आहे.

मात्र या विषयावरचे शोधनिबंध चाळले तर पॅक्लिटॅक्सेल किंवा कॅम्प्टोथेसिनच्या बरोबरीने एक नाव सारखे भेटते: कर्क्युमिन, हळदीतला पिवळा रेणू. हळकुंडात तो साधारण तीन टक्के असतो. कर्क्युमिन लोहाला सहज धरून ठेवतो, पिवळा असल्यामुळे मोजायला सोपा, स्वस्त, सुरक्षित, आणि आपल्या घरात मान असलेला. अमेरिकेत यल्लापू, जग्गी आणि चौहान यांनी २०१२ मध्ये कर्क्युमिन भरलेले लोहकण स्तनाच्या कर्करोगाच्या पेशींवर वापरून दाखवले. तसे अनेक प्रयोग पुढे झाले, आणि पेशी मेल्या.

इथे मला स्पष्ट बोलायचे आहे. काचेच्या थाळीत पेशी मारणारे पदार्थ असंख्य आहेत. कर्क्युमिनवर माणसांत १२०हून अधिक चाचण्या झाल्या, आणि २०१७ मध्ये नेल्सन आणि सहकाऱ्यांनी त्यांचा आढावा घेतला तेव्हा कोणत्याही आजारावर, तुलनेचा गट ठेवून काटेकोरपणे केलेल्या चाचणीत तो यशस्वी झाल्याचे त्यांना आढळले नाही. शरीराच्या तापमानाला, प्रथिने नसलेल्या साध्या द्रावणात त्यातला ९० टक्के भाग अर्ध्या तासात मोडतो. रोज आठ-आठ ग्रॅम तोंडाने घेऊनही रक्तात त्याचा जेमतेम अंश सापडतो. शिवाय तो स्वतः चमकतो आणि अनेक प्रथिनांना चिकटतो, त्यामुळे प्रयोगातली मापे फसवी येऊ शकतात. वाहक दिला तर तो टिकेल आणि पोचेलही, हे खरे. पण पोचल्यावर माणसाच्या गाठीवर त्याचा परिणाम किती, याचे उत्तर वाहक देऊ शकत नाही. ज्या रेणूंची ताकद रुग्णांत सिद्ध झाली आहे आणि जे केवळ न पोचण्यामुळे किंवा विषारीपणामुळे अडले आहेत, त्यांच्यासाठी लोखंडाचे वाहन बांधणे मला अधिक निकडीचे वाटते. हळदीचा अभिमान बाळगावा; तिच्यावर न पेलणारे ओझे टाकू नये.

प्रयोग वाचताना आणखी एक गोष्ट पाहावी. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी २०१६ मध्ये दाखवले की वर सांगितलेले फेरुमॉक्सिटॉलचे कण, कोणतेही औषध नसलेले, उंदरांतल्या स्तनाच्या गाठींची वाढ मंदावतात, कारण ते गिळणाऱ्या भक्षक पेशी गाठीविरुद्ध चवताळतात. लोह पेशीत मोकळे झाले की त्याच्या रासायनिक क्रियेतूनही पेशीला इजा होते. म्हणजे रिकामे वाहनसुद्धा स्वस्थ बसत नाही. त्यामुळे ‘औषध बांधलेल्या कणांनी गाठ लहान झाली’ एवढे पुरेसे नाही. त्याच प्रयोगात नुसते औषध, नुसते रिकामे कण आणि दोन्ही मिळून, असे वेगवेगळे गट हवेत, आणि तापवण्याचा दावा असेल तर क्षेत्र लावून आणि न लावता. यांतला एक जरी गट गाळला असेल, तरी श्रेय कुणाचे हे ठरत नाही. वनस्पतीचा अर्क वापरून लोहकण बनवण्याचे जे प्रयोग ‘हरित’ म्हणून गाजतात, तेही याच कसोटीवर घासावेत. अर्काने कण बनवला म्हणजे कणावर मोजलेल्या मात्रेत औषध बसले असे होत नाही.

चुंबकीय कणांचा कर्करोगातला आजचा सर्वांत निर्विवाद उपयोग औषधाविना आहे. स्तनाच्या शस्त्रक्रियेआधी लोह-ऑक्साइडचे द्रावण टोचतात. ते लसिकावाहिन्यांतून काखेतल्या पहिल्या ग्रंथीत जाते, आणि सर्जन हातातल्या चुंबकमापकाने ती ग्रंथी शोधून काढून तपासायला पाठवतो. एरवी यासाठी किरणोत्सारी द्रव्य आणि ते हाताळणारा विभाग लागतो. ही पद्धत युरोपात रुळली आणि २०१८ मध्ये अमेरिकेतही मान्य झाली. छोट्या शहरांतल्या रुग्णालयांना, जिथे असा विभाग नाही, तिचे महत्त्व फार आहे.

रुग्णाच्या घरात हा सगळा विषय बहुधा वेगळ्याच रूपात शिरतो: ‘नॅनो कर्क्युमिन’ लिहिलेली बाटली, कुणीतरी पाठवलेला व्हिडिओ, आणि केमो बंद करून हे घ्या असा सल्ला. त्या बाटलीत चुंबकीय कण नसतात आणि गाठीपर्यंत नेणारे काहीही नसते. उलट २००२ मधल्या एका अभ्यासात, स्तनाच्या कर्करोगाच्या पेशींवर कर्क्युमिनने कॅम्प्टोथेसिनसह काही केमो औषधांचा परिणाम कमी केल्याचे दिसले होते. म्हणून केमो चालू असताना हळदीच्या गोळ्या घेत असाल तर डॉक्टरांना अवश्य सांगा. रोजच्या भाजीतल्या हळदीने काळजी करायचे कारण नाही. कर्करोग बरा करतो अशी जाहिरात करण्याला आपल्याकडे १९५४ च्या औषधे व जादूचे उपाय या कायद्याने बंदी आहे. आणि कुणी एखाद्या खऱ्या चाचणीत सहभागी व्हा असे सुचवले, तर तिचा नोंदणी क्रमांक मागा. भारतात २००९ पासून प्रत्येक औषध-चाचणीची नोंद क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्रीत आधी करणे सक्तीचे आहे, आणि ती नोंद कुणालाही विनामूल्य वाचता येते: औषध कोणते, तुलनेचा गट आहे की नाही, किती रुग्ण घेणार, आणि जबाबदार डॉक्टर कोण.